दर तासाला तेरा मैल

मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगून पटत नाही. नियम असा, की जहाजावर शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असतील आणि आंतरराष्ट्रीय सफर तीन दिवसांहून मोठी असेल, तरच डॉक्टर ठेवायचा. आमच्या बल्क कॅरियरवर जेमतेम वीस-बावीस माणसं. तिथला डॉक्टर म्हणजे सेकंड ऑफिसर. नकाशे त्याचे, रात्री बारा ते चारची वॉच त्याची आणि औषधांच्या कपाटाची किल्लीही त्याच्याच खिशात. त्याचं वैद्यकीय शिक्षण म्हणजे परवान्यासाठी केलेला एक छोटा कोर्स आणि जहाजाच्या दवाखान्यात ठेवलेलं जाडजूड मार्गदर्शक पुस्तक.

मी असा सेकंड ऑफिसर होतो तेव्हाची ही हकीकत. आता मी नवी मुंबईत दर्यावर जाऊ पाहणाऱ्या मुलांना शिकवतो आणि दर वर्गात यातलं थोडं सांगतो. इथे सगळं सांगणार आहे, कारण वर्गात सांगताना एक तुकडा मी नेहमी गाळत आलो.

वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटला, टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी आणलेलं लोहखनिज उतरवून आम्ही रिकामे निघालो होतो. पुढचा माल भरायला जायचं होतं कॅनडात, सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाकडे. ऑक्टोबर महिना होता. ब्रिस्टल चॅनेल मागे टाकून दुसऱ्या संध्याकाळी आम्ही आयर्लंडच्या दक्षिण टोकाला, फास्टनेटच्या दीपगृहाखालून पश्चिमेला चाललो होतो. किनारा तीसेक मैलांवर होता. वेग तेरा नॉट. रिकामं जहाज पाण्याबाहेर उंच आलेलं असतं, त्यामुळे वाऱ्याला तोंड देत ते चांगलंच डुलत होतं.

संध्याकाळचं जेवण आटोपलं आणि मेसमन सांगत आला, फिटरचं पोट दुखतंय. फिटर हर्णैचे. पन्नाशी ओलांडलेले. सगळं जहाज त्यांना भाई म्हणायचं. मी केबिनमध्ये गेलो तेव्हा ते बंकवर पाय खाली सोडून बसले होते. एक हात छातीच्या खाली, बरगड्या जिथे मिळतात तिथे दाबलेला. कपाळ ओलं.

"काय नाय ओ साहेब. जळजळतंय जरा. मटण तिखट होतं."

"हाताला वगैरे कळ जातेय का?"

"हात तर रोजच दुखतो. दिवसभर ग्राइंडर धरतोय."

मला ते उत्तर आवडलं. मटण खरंच तिखट होतं आणि माझीही छाती थोडी जळजळत होती. अँटासिड पाजलं, एक गोळी दिली, पडून राहा म्हणालो. उठताना भाईंनी माझं मनगट धरलं. "वर नका कळवू साहेब. कंपनी घरी पाठवील. आत्ताच तर चढलोय." कंत्राटावर काम करणाऱ्या खलाशाला जहाज सोडलं की पगार थांबतो. मुलीचं लग्न ठरलेलं होतं, हेही मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "बघू."

नाडी मोजली नाही. रक्तदाबाचं यंत्र दवाखान्यात होतं, एक जिना खाली. तेही आणलं नाही.

कॅप्टनना मात्र कळवलं, आणि कसं कळवलं ते सांगायला हवं. मी म्हणालो, "सर, फिटरला ॲसिडिटी झालीय. औषध दिलंय." पन्नाशीचा माणूस, छातीच्या खाली दुखतंय, घाम आलाय, हात दुखतो म्हणतो, असं मी म्हणालो नाही. मी त्यांना लक्षणं सांगितली नाहीत, माझा निष्कर्ष सांगितला. ॲसिडिटी झालेल्या फिटरबद्दल कोणताही कॅप्टन जे म्हणेल तेच ते म्हणाले, "बरं. लक्ष ठेव." नंतर बरेच दिवस मी स्वतःला समजावत होतो, की कॅप्टननी थांबायचं ठरवलं. त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं. ठरवण्यासारखं त्यांच्यापुढे मी काही ठेवलंच नव्हतं.

बाराच्या वॉचला जाण्याआधी डोकावलो. भाई जागे होते. दुखणं आहे तसंच, म्हणाले. त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि त्या भीतीचं मी जे केलं ती माझी सगळ्यात महाग चूक. ब्रिजवर चार तास मी एकच विचार करत उभा होतो: फोन करायचाच झाला तर कुणाला? जहाजावर झेंडा पनामाचा. मालक ग्रीसचा. आम्हाला कामावर ठेवणारी कचेरी मुंबईत. शेवटचं बंदर ब्रिटनचं. डाव्या-उजव्या बाजूला आयर्लंडचा समुद्र की ब्रिटनचा, हे नकाशावर बघावं लागणार. आयर्लंडचं हेलिकॉप्टर पनामाच्या जहाजावरच्या भारतीय माणसासाठी का येईल? आलं तर बिल कुणाच्या नावावर? आम्ही तर त्यांच्या बंदरात गेलोही नव्हतो. परवानगी कोण मागणार, कुणाकडे?

हे प्रश्न मला का पडले, ते आता कळतं. मी रत्नागिरीकडचा. गुजरातच्या किनाऱ्यावर मासे मारायला गेलेली माणसं पाण्यावरची न दिसणारी रेघ ओलांडली म्हणून कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं राहतात, हे ऐकत मोठा झालो. समुद्रावर हद्द असते आणि ती चावते, हे माझ्या मनात पक्कं होतं.

मी मुंबईच्या कचेरीला ई-मेल टाकला. फिटरला पोटदुखी, औषधोपचार सुरू, मार्गदर्शन व्हावं. तिकडे पहाट होती. उत्तर सकाळी दहानंतर येणार, हे मला माहीत होतं. आपण काहीतरी केलं, एवढं समाधान त्या ई-मेलनं मला दिलं. त्यासाठीच तो लिहिला होता.

चारला वॉच संपली. भाईंच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं. आत अंधार, श्वासाचा आवाज. झोपलेत, असं म्हणून मी जाऊन झोपलो.

सहाच्या सुमारास मेसमननं दार ठोठावलं. भाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता, उशी भिजलेली, नाडी हाताला नीट लागत नव्हती. यावेळी कॅप्टननी माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. सॅटेलाइट फोन उचलला आणि पोर्ट टॅल्बटहून निघताना समोर चिकटवलेल्या कागदावरचा ब्रिटिश किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राचा नंबर लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं: जहाज कुठे, दिशा कोणती, वेग किती, रुग्णाचं वय, काय होतंय, केव्हापासून, काय औषध दिलं. झेंडा विचारला नाही. बिल विचारलं नाही. पाच मिनिटांत त्यानं रेडिओवरचा डॉक्टर जोडून दिला. डॉक्टरनं दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाला, हा हृदयविकाराचा झटका समजूनच चाला. ॲस्पिरिन चावून खायला द्या, ऑक्सिजन लावा, हलवू नका. ॲस्पिरिन त्याच कपाटात होती, अँटासिडच्या खालच्या खणात.

तेवढ्यात केंद्राचा माणूस फोनवर परत आला. तुम्ही आयर्लंडच्या विभागात आहात, त्यांना सगळं कळवलंय, हेलिकॉप्टर शॅननहून येईल, यापुढे त्यांच्याशी बोला. मी रात्रभर ज्या प्रश्नावर अडून बसलो होतो, तो दोन देशांनी आमच्या डोक्यावरून परस्पर सोडवून टाकला होता, तोही मी ऑक्सिजनची नळी शोधत असताना.

मग आयरिश केंद्रानं पहिली सूचना दिली: आधी जहाज फिरवा.

हे ऐकून मला घाम फुटला, कारण तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच, की रात्रभर आम्ही मदतीपासून दूर पळत होतो. पश्चिमेकडे जाणारं जहाज रात्री घड्याळ एक तास मागे घेतं. त्यामुळे घड्याळात बारा तास गेले होते, प्रत्यक्षात तेरा. तासाला तेरा मैल, म्हणजे जवळपास एकशे सत्तर मैल. त्या काळी आयर्लंडचं बचाव हेलिकॉप्टर, सिकॉर्स्की एस-९२, साधारण दोनशे सागरी मैल जाऊन, तिथे अर्धा तास काम करून परत येऊ शकायचं. संध्याकाळी फोन केला असता तर ते पाऊण तासात आमच्या डोक्यावर असतं. सकाळी आम्ही त्याच्या तळापासून दोनशे मैलांच्या पलीकडे होतो. जहाज पूर्वेकडे वळवून, होता तेवढा वेग देऊन, आम्ही पुन्हा त्याच्या टप्प्यात येण्यासाठी धावू लागलो. इतकं लांब यायचं म्हणून हेलिकॉप्टरच्या सोबतीला एक विमानही उडवलं गेलं. त्याला टॉप कव्हर म्हणतात. हेलिकॉप्टर पाण्यात उतरलंच तर ते कुठे उतरलं, हे वरून पाहणारं कुणीतरी हवं म्हणून.

त्या दोन-तीन तासांत माझ्याकडे दोन कामं होती: डेक तयार करणं आणि रुग्णासोबत द्यायचे कागद. दोन्ही मी बिघडवली.

आमच्या हॅच कव्हरवर पिवळ्या रंगाचं वर्तुळ होतं, हेलिकॉप्टरचा दोर उतरायची जागा. त्याच्या भोवताली काहीही सुटं नको, कारण पंख्याचा वारा ताडपत्री उचलून वर फेकतो आणि ती पात्यांत गेली तर सगळंच संपतं. माल उतरवल्यानंतरची सफाई अर्धवट राहिलेली, त्यामुळे बाजूला फळकुटं, रिकामे डबे, दोरांचे तुकडे पडलेले होते. बोसननं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, माणसं लावून ते उचललं. मी फक्त टोप्या काढा, हेल्मेटचे पट्टे आवळा, एवढं सांगितलं आणि कागदांकडे धावलो. दोराबद्दल सांगायचं राहिलं.

हेलिकॉप्टर आलं ते आवाजाच्या भिंतीसारखं. पायलटनं वारा डाव्या बाजूनं तिरपा घ्यायला सांगितलं होतं. जहाज एका लयीत डुलत होतं आणि ते वर एका जागी खिळल्यासारखं. दारातून आधी एक बारीक दोर खाली आला, टोकाला वजनाची पिशवी. याला हाय-लाइन म्हणतात. तो डेकवरच्या माणसांनी फक्त हातात धरायचा, ढिला झाला तर ओढायचा, ताण आला तर सोडायचा. त्याच्या आधारानं मग विंचमन जहाजाकडे तिरपा खेचला जातो. हा दोर कधीही, कशालाही बांधायचा नाही. बांधला तर हेलिकॉप्टर जहाजाला बांधलं जातं.

पण खलाशाच्या हातात दोर आला की हात स्वतःच चालतात. आयुष्यभर त्यानं तेच केलेलं असतं. आमच्या एका तरबेज एबीनं, म्हणजे अनुभवी खलाशानं, पिशवी पकडली, दोर ओढला आणि जवळच्या कठड्याला झटकन दोन वेढे दिले. तिसरा वेढा द्यायला हात वळला तेव्हा मी ते पाहिलं. ओरडलो, पण पंख्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. वर दारात बसलेल्या माणसानं हात आडवा-उभा कापल्यासारखा हलवला. बोसन धावला, त्याला खांद्यानं बाजूला लोटलं आणि वेढे सोडले. हे सगळं पाच-सहा सेकंदांत झालं. जहाज त्यावेळी उजवीकडे कलत होतं. डावीकडे कलत असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब मी अनेकदा मांडला आहे.

एबीचा यात काही दोष नव्हता. त्यानं जन्मात हाय-लाइन पाहिली नव्हती. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

विंचमन उतरला. तो पॅरामेडिकही होता. भाईंना पाहिलं, यंत्राच्या तारा छातीला लावल्या, पट्टी बाहेर येऊ लागली तसा त्याचा चेहरा बदलत गेला नाही, पण हात भरभर चालू लागले. मी भाईंची मोठी सुटकेस पुढे केली. त्यानं मान हलवली. माणूस, पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, औषधांची यादी, एवढंच. पासपोर्ट कॅप्टनच्या तिजोरीतून आणायला कॅडेट पळाला. मग त्यानं माझ्या हातातला कागद घेतला, वरून खाली पाहिला आणि एका नोंदीवर बोट ठेवून विचारलं, "झुलू की लोकल?"

म्हणजे ही वेळ यूटीसी आहे की तुमच्या जहाजाच्या घड्याळाची. कागदावर "१८३०, दुखणं सुरू" असं होतं, ते घड्याळ मागे घेण्याआधीचं. त्याखालच्या नोंदी मागे घेतल्यानंतरच्या. कशावरही खूण नव्हती. हृदयविकारात दुखणं सुरू होऊन किती वेळ गेला, यावर पुढचे उपचार ठरतात. माझा कागद तासाभरानं खोटं बोलत होता. मी म्हणालो, "लोकल, बहुतेक." त्यानं पेनानं बाजूला प्रश्नचिन्ह काढलं, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि भाईंना घेऊन तो वर गेला.

आता तो गाळलेला तुकडा.

त्या कागदावर रात्री दहा, बारा आणि पहाटे चारची नाडी आणि रक्तदाब लिहिलेला होता. त्यातला एकही आकडा मी मोजलेला नव्हता. हेलिकॉप्टर येण्याआधी, दवाखान्याच्या टेबलावर, एका बैठकीत मी ते लिहिले होते. बऱ्यापैकी नॉर्मल आकडे, हळूहळू वाढत जाणारे, खरे वाटतील असे. पेनही बदललं होतं. नंतर चौकशी होणार, आणि सेकंड ऑफिसरनं रात्रभर काय केलं असं विचारणार, या भीतीपोटी. तो कागद चौकशीला नाही, आधी डॉक्टरच्या हातात पडणार आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या संध्याकाळी कॉर्कच्या इस्पितळातून जहाजावर फोन आला. डॉक्टरनं आधी सांगितलं, रुग्ण जिवंत आहे, धमनी उघडली आहे. मग शांतपणे विचारलं, "या नोंदींपैकी प्रत्यक्ष घेतलेल्या कोणत्या?" त्याला कसं कळलं, मी विचारलं नाही. कदाचित असे कागद त्यानं आधीही पाहिले असतील. मी गप्प राहिलो. तो म्हणाला, "मला तुमच्याशी काही देणं-घेणं नाही. मला फक्त वेळ हवी आहे." तेव्हा मी सांगितलं. दुखणं कधी सुरू झालं, मी किती वेळा पाहिलं, काय मोजलं नाही, सगळं. त्यानं आभार मानले आणि फोन ठेवला.

कंपनीला मी दिलेल्या निवेदनात मात्र "रुग्णावर सतत लक्ष ठेवण्यात आलं" हे वाक्य तसंच राहिलं. ते मी कधी दुरुस्त केलं नाही. भाई वाचले, पण हृदयाचा एक भाग गेला. जहाजावर जाण्यासाठी लागणारा तंदुरुस्तीचा दाखला त्यांना पुन्हा मिळाला नाही.

पुढे मी या विषयावर हाताला लागेल ते वाचलं. शिकवायचं म्हणून कमी, स्वतःला टोचायला म्हणून जास्त. ब्रिजवर उभा राहून मी जे प्रश्न विचारत होतो, त्यांची उत्तरं माझ्या जन्माच्या आसपासच लिहिली गेली होती. १९७९ च्या एप्रिलमध्ये हॅम्बुर्गला समुद्रावरच्या शोध आणि बचावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे, की बचावासाठी समुद्राचे जे विभाग पाडले जातील त्यांचा देशांच्या सरहद्दींशी संबंध नाही. संकटातला माणूस कोणत्या देशाचा, कोणत्या परिस्थितीत सापडला, हे न पाहता मदत करायची. शेजारच्या देशाच्या बचाव पथकाला आपल्या हद्दीत तातडीनं येऊ द्यायचं. आणि रेडिओवरचा वैद्यकीय सल्ला चोवीस तास, कोणत्याही झेंड्याच्या जहाजाला, फुकट मिळाला पाहिजे, असं खलाशांच्या हक्कांचा २००६ चा करार सांगतो. रोममधलं एक केंद्र तर १९३५ पासून हेच करत आलं आहे. मी ज्या ई-मेलच्या उत्तरासाठी सकाळच्या दहाची वाट पाहत होतो, त्याऐवजी सॅटेलाइट टर्मिनलवर ३२ हा दोन आकडी कोड दाबला असता तर डॉक्टर मिळाला असता. तो कोड आमच्या ब्रिजवर, टर्मिनलच्या झाकणावर लिहिलेला होता.

आम्ही ज्या पाण्यातून गेलो ते पाणी तर या विषयाचं विद्यापीठच. त्याच १९७९ च्या ऑगस्टमध्ये फास्टनेटच्या शिडांच्या शर्यतीत तीनशेवर होड्या वादळात सापडल्या. पंधरा स्पर्धक गेले. पण इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून उडालेली नौदलाची हेलिकॉप्टरं, आयर्लंडचं आणि हॉलंडचं लढाऊ जहाज, जीवरक्षक होड्या, या सगळ्यांनी मिळून कितीतरी माणसं पाण्यातून काढली. हॅम्बुर्गचा करार पुढे २२ जून १९८५ ला अमलात आला. दुसऱ्याच दिवशी एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडच्या नैर्ऋत्येला समुद्रात कोसळलं. ३२९ माणसं, बहुतेक भारतीय वंशाची. ब्रिटनहून ब्रिटिश आणि अमेरिकी हेलिकॉप्टरं आली. वाचवायला कुणी उरलं नव्हतं. त्यांनी मृतदेह उचलले आणि कॉर्कला आणले, भाईंना जिथे नेलं त्याच शहरात.

आणि मग २०१७. १३ मार्चच्या रात्री आयर्लंडच्या मेयो परगण्याच्या पश्चिमेला, दीडशेच्या जवळपास मैलांवर, एका ब्रिटिश मासेमारी बोटीवरच्या खलाशाच्या हाताला इजा झाली होती. त्याला आणायला एक आयरिश हेलिकॉप्टर निघालं. इतकं लांब जायचं म्हणून टॉप कव्हरला दुसरं, रेस्क्यू ११६, डब्लिनहून उडालं. इंधन भरायला किनाऱ्याकडे येताना अंधारात ते ब्लॅकरॉक नावाच्या बेटावर आदळलं. चारही जण गेले. हेलिकॉप्टरमधल्या धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेच्या नकाशात ते बेटच नव्हतं, असं २०२१ च्या चौकशी अहवालात आलं. जखमी खलाशाला पहिल्या हेलिकॉप्टरनं सुखरूप आणलं होतं.

ती बातमी मी एका बंदरात वाचली आणि आमच्या डोक्यावर घिरट्या घालणारं ते विमान आठवलं. तोवर मी माझी चूक भाईंच्या हिशोबात मोजत होतो. मी उशीर केला, त्यांचं हृदय गेलं. पण ते सोबतीचं विमान का लागलं? आम्ही लांब गेलो म्हणून. लांब का गेलो? मी रात्रभर विचार करत उभा राहिलो म्हणून. जे काम किनाऱ्याच्या जवळ, पाऊण तासाच्या उड्डाणात झालं असतं, त्यासाठी मी परक्या देशाची माणसं टप्प्याच्या टोकापर्यंत ओढून आणली आणि वर त्यांच्या दोराला कठड्यावर वेढे घालू दिले. त्यांच्यापैकी कुणाचं काही झालं नाही, हे माझं कर्तृत्व नाही.

वर्गात मुलं दरवेळी दोन प्रश्न विचारतात. पहिला, बिल कोण देतं? मी सांगतो, जीव वाचवण्याच्या उड्डाणाचं बिल घेऊन कुणी आमच्याकडे आलं नाही. इस्पितळाचा खर्च जहाजाच्या विम्यातून गेला. दुसरा प्रश्न कुणीतरी थोडं हसून विचारतो: "सर, पाकिस्तानच्या विभागात असलो तर?" आता त्यालाही माझ्याकडे उत्तर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अल पिरानपीर हे गलबत पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासला जाताना बुडालं. बारा भारतीय खलाशी छोट्या होडीत उतरले. जागा पाकिस्तानच्या बचाव विभागातली. मुंबईच्या केंद्रानं पाकिस्तानच्या केंद्राशी बोलणं ठेवलं, त्यांच्या विमानानं शोधात मदत केली आणि भारतीय तटरक्षक दलाच्या जहाजानं बाराही जणांना उचललं. ज्या हद्दीची मला फास्टनेटच्या दक्षिणेला धास्ती वाटत होती, तिथेसुद्धा हे होतं. आपल्या तटरक्षक दलाकडेही असा सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरचा विभाग आहे. तिथे कुठल्या तरी परक्या जहाजावरचा कुणी सेकंड ऑफिसर रात्री माझ्यासारखाच विचार करत उभा असेल, की भारतवाले आपल्यासाठी का येतील.

फोन करणं म्हणजे हेलिकॉप्टर मागवणं नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. पुढे चीफ ऑफिसर असताना ओमानच्या किनाऱ्याबाहेर एका कॅडेटच्या पोटात दुखू लागलं. पहिल्या तासातच डॉक्टर जोडला. नाडी, ताप, रक्तदाब, कुठे दाबलं की दुखतं, सगळं यूटीसी वेळेसकट वाचून दाखवलं. निष्कर्ष सांगितला नाही. डॉक्टर म्हणाला, हेलिकॉप्टरची गरज नाही, हे द्या, दर दोन तासांनी कळवा, पुढच्या बंदरात दाखवा. मेसमध्ये थोडी थट्टा झाली, चीफ साहेब घाबरट आहेत म्हणून. झाली तर झाली. लवकर केलेल्या फोनमुळे बहुतेक वेळा कुणालाच उडावं लागत नाही. आणि उडावं लागलंच, तर जवळ आणि उजेडात उडता येतं.

गेल्या वर्षी हर्णैला गेलो होतो. भाई आता होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, जड काम मुलगा करतो. त्यांना मी सगळं सांगितलं, नाडीच्या आकड्यांसकट. ते ऐकत स्पॅनर पुसत राहिले. मग म्हणाले, "साहेब, मीच नको म्हणालो होतो ना. मग तुम्ही कशाला घेता अंगावर?"

खरं आहे, ते नको म्हणाले होते. जवळजवळ प्रत्येक खलाशी तेच म्हणतो. पगार थांबणार असेल, पुढचं कंत्राट जाणार असेल, तर मीही तेच म्हणेन. म्हणून तर तो निर्णय रुग्णाकडे ठेवलेला नाही, किल्ली ज्याच्या खिशात त्याच्याकडे ठेवला आहे. मुलांना मी आता एवढंच लिहून घ्यायला लावतो: रुग्ण नको म्हणाला, ही नोंद वेळेसकट करा, आणि ती करतानाच दुसऱ्या हातानं फोन लावा.